वंशावळ आणि घराण्याचे भावजीवन
(कुंभार पिंपळगाव परिसराच्या अनुषंगाने)

१

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हे गोदावरीच्या उत्तरेकडील काळ्या जमिनीच्या पट्ट्यातील बाजाराचे गाव होय. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब हे गाव त्याच्या शेजारातच आहे. या मुलखात 'वंशावळ' हा शब्द अलीकडे ज्या आस्थेने उच्चारला जातो, तसा तो यापूर्वी क्वचितच उच्चारला गेला असेल. शेजारच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचे केंद्र बनले आणि त्याच वर्षी निजामकालीन कागदपत्रांतील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जुन्या दप्तरात पूर्वजाची नोंद मिळाली तरी तेवढ्याने काम भागत नाही. त्या पूर्वजाशी आपले नाते कोणत्या पिढीने जोडले जाते, हे अर्जदारास वंशावळीनेच दाखवावे लागते. त्यामुळे ज्या घरांत आजवर पणजोबांपलीकडचे नाव कोणी विचारले नव्हते, त्या घरांतही वृद्धांच्या भोवती कागद घेऊन माणसे बसू लागली.

अशा वंशावळीत विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : कोण कोणाचा मुलगा? इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्याच कागदासमोर दुसरा एक प्रश्न विचारता येण्यासारखा आहे. घराण्यातील दुःख, भय, अभिमान, वैर हे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते काय. आणि जात असल्यास वंशावळीच्या साहाय्याने त्याचा माग काढता येतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. वंशावळ ही भावना सांगत नाही, परंतु भावना कोठे शोधावी ती जागा दाखवते, आणि घराणे वारशाने घेते ते भावनेपेक्षा त्या भावनेचे कथन, हे येथील प्रतिपाद्य होय.

२

प्रथम वंशावळ हे साधन कोणत्या प्रकारचे आहे, हे पाहिले पाहिजे. वंशावळ ही कधीही निर्हेतुक लिहिली जात नाही. मराठेशाहीतील बहुसंख्य वंशावळी वतनाच्या वादातून उपजल्या आहेत. महजर, निवाडपत्रे, करीने यांत पिढ्यांची मालिका येते ती वतनावरील हक्क शाबीत करण्यासाठी. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हापासून असे कागद अभ्यासकांच्या परिचयाचे झाले. तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा दुसरा प्रकार. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया येथील उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने आपले व आपल्या कुळाचे नाव लिहून ठेवावयाचे असते. त्यांत हक्काचा वाद नसतो, पण यजमानपणाचा संबंध टिकवण्याचा हेतू असतोच. दाखल्यासाठी तयार होणारी आजची वंशावळ हा तिसरा प्रकार.

हेतू बदलला की गाळले जाते तेही बदलते. वतनाच्या कागदात मुलींची, लहानपणी दगावलेल्या मुलांची आणि निपुत्रिक चुलत्यांची नावे येण्याचे कारण नसते. जो भाऊ गाव सोडून गेला व परत आला नाही, त्याच्या नावापुढे 'नकल' म्हणून रेषा थांबवली जाते. परंतु घरातील शोक व धास्ती ही बहुधा याच माणसांभोवती साठलेली असते. म्हणजे हक्काच्या दृष्टीने जी नावे निरुपयोगी, तीच भावजीवनाच्या दृष्टीने मोलाची, असा विचित्र प्रकार येथे आढळतो.

या गाळणीला आपल्या समाजात एक पूरक साधन पूर्वीपासून आहे, ते श्राद्धविधीचे. पार्वण श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह या तीन पिढ्यांचा नामगोत्रपूर्वक उच्चार होतो. त्यांच्या बरोबरीने मातामहांच्या तीन पिढ्याही येतात. महालयात तर चुलते, भाऊ, बहिणी, आत्या, मावश्या, गुरू, स्नेही अशी मोठी मंडळी बोलावली जातात. सवाष्णपणी गेलेल्या स्त्रीसाठी भाद्रपद वद्य नवमी वेगळी राखलेली असते. कागदावरील वंशावळीने ज्यांना बाहेर ठेवले, त्यांतील पुष्कळांना पितृपंधरवड्यातील नामोच्चाराने आत घेतले आहे. अभ्यासकाने दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यास एकीतील रिकाम्या जागा दुसरीने भरून निघतात.

३

वंशावळीचा शास्त्रीय उपयोग करण्याची पद्धत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज संशोधकाने घालून दिली. १८९८ च्या टॉरस सामुद्रधुनीच्या मोहिमेत आणि पुढे निलगिरीतील तोडा लोकांमध्ये काम करताना त्याने पाहिले की, लोकांना अमूर्त नियम विचारण्यापेक्षा त्यांच्या प्रत्यक्ष नातलगांची नावे विचारली असता विवाह, वारसा, स्थलांतर यांची विश्वसनीय माहिती आपोआप हाती येते. १९१० मध्ये त्याने या पद्धतीचे विवेचन स्वतंत्र निबंधात केले. भारतातील आप्तसंबंधांचा मोठा अभ्यास इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये ग्रंथरूपाने सादर केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंब हा एक भावनिक संघात असून त्यातील ताण पिढ्यान्‌पिढ्या संक्रमित होतात, असे मांडले. त्याच परंपरेत तीन पिढ्यांची नाती, मृत्यू, तुटलेले संबंध चिन्हांनी दाखवणारा आलेख रूढ झाला. फ्रान्समध्ये ॲन आन्सेलिन शुट्झेनबर्जर यांनी पूर्वजांवरील आघाताच्या तिथीला किंवा वयाला वंशजाच्या आयुष्यात पुन्हा संकट येते काय, याचा शोध घेतला.

या विचारांना पाश्चात्य म्हणून दूर ठेवण्याचे कारण नाही. तत्सम निरीक्षणे आपल्या लोकाचारात आधीच गोठलेली आहेत. एखाद्या घरात दिवाळीला किंवा पोळ्याला मृत्यू घडला, तर तो सण त्या घरात बंद पडतो. पुढे कधी त्याच दिवशी घरात मूल जन्मले किंवा गाय व्याली, तरच तो पुन्हा सुरू होतो. मृत्यू कोणाचा, हे तिसऱ्या पिढीला सांगता येत नाही. पण सण होत नाही, हे मात्र ठाऊक असते. शोकाचे कारण विसरले जाऊन शोकाचा आचार उरावा, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. देव्हाऱ्यातील पूर्वजांचे टाकही याच जातीचे होत.

नावे हे तर वंशावळीच्या आतच असलेले भावसाधन होय. मूल जगत नसलेल्या घरात पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरू, भिकाजी अशी नावे ठेवण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती. नाव तुच्छ ठेवले म्हणजे मृत्यूची दृष्ट त्यावर पडणार नाही, ही समजूत. म्हणून वंशावळीत असे नाव आढळले की, त्याच्या आधी न लिहिलेली एक-दोन बाळे असावीत, असा तर्क करण्यास जागा होते. तो सिद्धांत नव्हे, कारण पुढे हीच नावे आजोबांची म्हणून नातवाकडे आली आणि त्यांतील भय लोपले. मुलींच्या नावांत हीच गोष्ट उलट्या अर्थाने दिसते. मुलगी नको होती हे सांगणारे 'नकोशी' हे नाव सातारा जिल्ह्यात इतक्या मुलींना होते की, २०११ मध्ये त्यांचे नव्याने नामकरण करण्याचा जाहीर कार्यक्रम करावा लागला.

४

चिन्हे अशी विपुल असली तरी त्यांवरून निष्कर्ष काढताना किती सावध असावे लागते, हे पाहण्यासाठी सन व तिथी निश्चित असलेले एखादे घराणे घेणे इष्ट ठरेल. पेशव्यांचे भट घराणे या दृष्टीने सोयीचे आहे.

पहिले बाजीराव १७४० मध्ये वारले तेव्हा त्यांचे वय ३९ होते; त्याच वर्षाच्या अखेरीस चिमाजी अप्पा गेले. नानासाहेब १७६१ मध्ये ४० व्या वर्षी, विश्वासराव त्याच वर्षी पानिपतावर अठराव्या वर्षी, माधवराव १७७२ मध्ये २७ व्या वर्षी, नारायणराव १७७३ मध्ये अठराव्या वर्षी आणि सवाई माधवराव १७९५ मध्ये २१ व्या वर्षी मृत्यू पावले. ही वये एका स्तंभात मांडली म्हणजे घराण्याला शाप असल्याची लोकसमजूत का पसरली, ते कळते. पण कारणे पाहावीत : ज्वर, रणातील गोळी, क्षय, खून, वाड्यातील पतन. कारणांत एकसूत्रीपणा नाही. पुनरावृत्ती झाली ती परिस्थितीची. कर्ता पुरुष अकाली जातो, वारस अल्पवयी असतो आणि घरातील वडील आप्त त्याचा पालक होतो.

या परिस्थितीतून भावनाही एकच उत्पन्न झाली काय? तसे दिसत नाही. चिमाजी अप्पांचे चिरंजीव सदाशिवराव बालपणीच पोरके झाले. त्यांना आजी राधाबाईंनी वाढवले आणि चुलतभाऊ नानासाहेबांचे ते उजवे हात बनले. पुढच्याच पिढीत काका-पुतण्याचे नाते रघुनाथराव व माधवराव यांच्यात कलहाचे आणि नारायणरावांच्या बाबतीत प्राणघातक ठरले. त्यानंतरच्या पिढीत सवाई माधवराव हे मारल्या गेलेल्या पित्याचे पुत्र आणि दुसरे बाजीराव हे रघुनाथरावांचे पुत्र. वैर वारशाने मिळावयाचे, तर येथेच मिळावयास हवे होते. परंतु १७९५ च्या सुमारास या दोघां चुलत्या-पुतण्यांत गुप्तपणे स्नेहाचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यामुळे नाना फडणिसांना चौकी-पहारे कडक करावे लागले. वंशावळीने वैराची जागा दाखवली. माणसांनी ती ओलांडण्याचा यत्न केला.

रूढ वंशवृक्षात गोपिकाबाईंना स्थान केवळ नानासाहेबांच्या पत्नी म्हणून. त्यांना मध्यभागी ठेवून तोच वृक्ष पुन्हा काढला असता सारा अर्थ पालटतो. १७६१ च्या जानेवारीत ज्येष्ठ पुत्र, जूनमध्ये पती, १७७२ मध्ये दुसरा पुत्र, १७७३ मध्ये तिसरा. नाशिकजवळ गंगापूर येथे त्यांनी उत्तरायुष्य घालवले आणि नातवाने कसे वागावे याविषयी त्याला उपदेशाचे पत्र लिहिले. घराण्यातील शोक पुढच्या पिढीकडे जाण्याची वाट ती हीच. रक्त, दैव यांपेक्षा पत्र, उपदेश आणि धाक यांतून ती जाते. सवाई माधवरावांना नावही त्या दिवंगत चुलत्याचेच मिळाले.

५

पुण्याच्या दप्तरांनी समृद्ध असलेले हे घराणे सोडून पुन्हा कुंभार पिंपळगावच्या शेजारी, जांबच्या ठोसर घराण्याकडे यावे. येथे साधने निराळी आहेत. गिरिधरस्वामींचा 'समर्थप्रताप', अठराव्या शतकाच्या अखेरची हनुमंतस्वामींची बखर आणि धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारा शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेले रामदासी वाङ्मय, ही त्यांतील प्रमुख. सांप्रदायिक वंशावळ मूळपुरुष कृष्णाजीपंतांपासून सूर्याजीपंतांपर्यंत येते. ती मुख्यतः पित्यापासून पुत्राकडे जाणारी रेषा आहे. राणूबाईंच्या नावाशी येताच मात्र रेषेचे रूपांतर कथेत होते.

कथा सर्वश्रुत आहे. सूर्याजीपंत व राणूबाई यांना दोन पुत्र; गंगाधर १६०५ मध्ये व नारायण १६०८ मध्ये जन्मला. पिता निवर्तल्यावर नारायणाने थोरल्या भावाकडे अनुग्रह मागितला, तो त्याने दिला नाही. १६२० मध्ये विवाहप्रसंगी 'सावधान' हा शब्द ऐकून नारायण बोहल्यावरून निघून गेला. टाकळीस बारा वर्षे तप, पुढे बारा वर्षे तीर्थाटन आणि सुमारे चोवीस वर्षांनी घरी पुनर्भेट, तेव्हा माता रडून रडून दृष्टिहीन झालेली.

या कथेत गंगाधरपंत 'श्रेष्ठ' या नावाने, प्रौढ व अधिकारी पुरुष म्हणून वावरतात. परंतु वंशावळीतील सनांची वजाबाकी केली की वेगळे चित्र उभे राहते. परंपरेनुसार सूर्याजीपंतांचा मृत्यू १६१५ चा. म्हणजे त्या वेळी गंगाधर दहा वर्षांचा, नारायण सात वर्षांचा. नारायण पळाला तेव्हा घराचा कर्ता म्हणवला जाणारा भाऊ अवघा पंधरा वर्षांचा होता. विधवा माता, गावचे कुलकर्णीपण, देवघरातील रामाची उपासना आणि निघून गेलेला धाकटा भाऊ हे सारे त्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर आले. राणूबाईंचा विवाहाविषयीचा आग्रहही केवळ मातेचा मोह राहत नाही. दोन कोवळ्या मुलांवर उभे असलेले घर लवकर स्थिर व्हावे, ही धास्ती त्यामागे स्वच्छ दिसू लागते. चरित्रकारांनी जे लिहिले नाही, ते तीन सनांच्या अंतराने सुचवले.

पुढील भाग याहून अर्थपूर्ण आहे. गंगाधरपंतांनी प्रपंच केला, 'भक्तिरहस्य' यासारखे ग्रंथ रचले आणि १६७७ मध्ये देह ठेवला. रामजी व श्यामजी हे त्यांचे पुत्र. माघ वद्य नवमी, शके १६०३ (१६८२ चा जानेवारी) या तिथीस समर्थांनी देह ठेवल्यावर मठाचा कारभार प्रथम शिष्यांच्या हाती राहिला. पण कालांतराने अधिकार श्रेष्ठांच्या वंशाकडे आला. जो गेला, त्याची संस्था जो राहिला त्याच्या लेकरांनी चालवली. आणि या वंशात श्रेष्ठांच्या नातवाचे नाव पुन्हा गंगाधर असेच आढळते. घरी राहिलेल्या भावाची आठवण कथेने पुसट ठेवली असली, तरी नावाने व उत्तराधिकाराने ती राखली.

६

यावरून जाणे आणि राहणे हा ठोसर घराण्याचा वंशपरंपरागत भाव होता, असे म्हणावे काय? येथे थांबणे अवश्य आहे. गोदाकाठच्या दुसऱ्या दोन घराण्यांच्या कथा पाहाव्यात. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी पत्नीला सोडून संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने ते परतले आणि त्यांच्या मुलांना त्याचे प्रायश्चित्त भोगावे लागले. पैठणला एकनाथांचे पुत्र हरिपंडित पित्याशी मतभेद होऊन काशीस गेले व पुढे परतले. परस्परांशी रक्तसंबंध नसलेल्या तीन घरांत एकच आकृती उमटत असेल, तर ती एका घराण्याची राहत नाही. तो त्या प्रदेशातील संन्यास व गृहस्थाश्रम यांच्या दीर्घ संघर्षाचा, तसेच संतचरित्र सांगण्याच्या रूढ वळणाचा ठसा मानावा लागतो.

हाच नियम सामान्य घरांना लागू आहे. मराठवाड्यातील अनेक घरांत वृद्ध माणसे ताटात अन्न टाकू देत नाहीत आणि कणगी रिती होऊ लागली की अस्वस्थ होतात. एका घराची वंशावळ पाहणारा यास घराण्याचा स्वभाव म्हणेल. परंतु दहा घरांच्या वंशावळी वयानुसार मांडल्या, तर ही माणसे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्या पिढीतील आहेत, असे निघेल. तो भाव कुळाचा नव्हे, एका पिढीचा. तो नातवंडांत उतरला असल्यास आजीच्या बोलण्यातून व स्वयंपाकघरातील शिस्तीतून उतरला आहे. उपासमारीचा परिणाम शरीरद्वारा संततीकडे जातो काय, याविषयी १९४४-४५ च्या हिवाळ्यातील डच दुष्काळाच्या अनुषंगाने पुष्कळ संशोधन झाले आहे. परंतु त्यातील निष्कर्ष पिढ्यान्‌पिढ्यांच्या भावनांपर्यंत ताणणे आज तरी युक्त नाही.

तेव्हा वंशावळीवरून भावजीवनाचा शोध घेणाऱ्याने तीन कसोट्या पाळाव्यात. पहिली, गाळलेल्या नावांची : वंशवृक्ष एकदा तरी स्त्रियांना मध्यभागी ठेवून पुन्हा काढावा. दुसरी, वयाची : प्रत्येक घटनेच्या वेळी प्रत्येक माणूस किती वर्षांचा होता, हे लिहावे. तिसरी, तुलनेची : जी आकृती शेजारच्या असंबद्ध घरांतही आढळते, ती कुळाच्या खाती जमा करू नये. या तिन्हींतून जे उरेल, तेवढेच घराण्याचे म्हणावे. ते थोडे असेल, पण खरे असेल.

७

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जांब येथील समर्थांच्या मंदिरातून पूर्वापार पूजेतील मूर्ती चोरीस गेल्या, तेव्हा सारा परिसर हळहळला. पुढे तपासात मूर्ती हस्तगत झाल्या. हळहळणाऱ्यांत ठोसर कुळाशी रक्ताचा संबंध नसलेलेच बहुसंख्य होते. एका घराच्या देवघरातील आस्था गावाची कशी होते, आणि भावनेचा वारसा वंशाच्या रेषेबाहेर किती दूर जातो, याचे ते प्रत्यंतर होय.

कुंभार पिंपळगावच्या परिसरात आज ज्या वंशावळी लिहिल्या जात आहेत, त्यांना कोणी बखरकार नाही. कुणब्याच्या, कुंभाराच्या, मजुराच्या घरातील आठवण कागदावर येण्याची ही कदाचित पहिलीच वेळ असेल. दाखल्यास आवश्यक तेवढी नावे उतरली की कागद कचेरीत जाईल, आणि ज्या वृद्धेने ती नावे सांगितली तिला त्या नावांखेरीज जे आठवत होते ते तिच्याबरोबर जाईल. कोणता भाऊ का गेला, कोणते बाळ कोणत्या साली दगावले, कोणता सण का होत नाही, हे त्याच बैठकीत, त्याच कागदाच्या पाठीवर लिहून घेणे अशक्य नाही. विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी हे काम हाती घेतले, तर हक्कासाठी जमलेल्या साधनांतून इतिहासाचेही साधन सिद्ध होईल. मात्र ते काम, सांगणारी माणसे आहेत तोवरच होण्यासारखे आहे.